दिसते ती तारीख, असतो तो आकडा

अहिल्यानगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला आणि आष्टी तालुक्यातल्या कडा गावात रेल्वे थांबू लागली. तीच गाडी पुढे बीड शहरात पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. मधे किती दिवस गेले? एक्सेलच्या एका सेलमध्ये पहिली तारीख आणि शेजारी दुसरी लिहून नुसती वजाबाकी केली की उत्तर येतं, १०९०. मधे लीप वर्ष होतं का, कुठला महिना तिसाचा आणि कुठला एकतिसाचा, यातलं काही बघावं लागत नाही. एक्सेलच्या लेखी त्या तारखा नाहीतच. पहिली आहे ४४८२७ आणि दुसरी ४५९१७. आपल्याला दिसतो तो या आकड्यांना चढवलेला पोशाख.

१ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून रोज एकाची भर, असा हा हिशोब. देश स्वतंत्र झाला तो दिवस १७३९४, महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो २२०३७. वेळ हा त्याच आकड्याचा दशांश भाग: दुपारचे बारा म्हणजे ०.५, संध्याकाळचे सहा म्हणजे ०.७५. ‘ही तारीख अमुक ते अमुक या दरम्यान येते का’ असं फॉर्म्युला तपासतो, तेव्हा तो कॅलेंडर बघत नाही. एक आकडा दोन आकड्यांच्या मधे आहे का, एवढंच बघतो. फॉर्म्युला चुकीचं उत्तर देऊ लागला की बहुतेक जण फॉर्म्युलाच खोडून पुन्हा लिहायला बसतात. दोष मात्र बऱ्याचदा सेलमधल्या तारखेत असतो, नाहीतर हद्दीवरच्या दिवसात.

कड्यासारख्या बाजारपेठेच्या गावात अशा हद्दी पावलोपावली भेटतात. कांद्याच्या पट्ट्या, सोसायटीची कर्जं, पतसंस्थेच्या ठेवी, शाळेचा दाखलखारीज, सगळ्यांना ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ लागतं. पण सर्वांत वरचेवर येणारी हद्द दुधाची. आष्टी तालुका दुभत्या जनावरांचा आणि दुधाचा पगार साधारण दहा दिवसांचा. १ ते १० तारखेचा एक, ११ ते २० चा दुसरा आणि २१ पासून महिनाअखेरपर्यंतचा तिसरा. वर्षाला असे छत्तीस पगार. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध घातलं की लिटर, फॅट आणि एसएनएफसह नोंद होते आणि दहा दिवसांच्या नोंदींची बेरीज करून बिल निघतं. कागदावर याहून सोपं काही नाही.

आता ही बेरीज शीटवर कशी फसते ते जवळून पाहू. (फॉर्म्युल्यांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकायची.) समजा, ए कॉलममध्ये तारखा आहेत, ई१ मध्ये ११ ऑगस्ट २०२५ आणि एफ१ मध्ये २० ऑगस्ट २०२५. एक शेतकरी रोज दोन्ही वेळा दूध घालतो, सकाळी सहा लिटर, संध्याकाळी पाच. दहा दिवसांच्या वीस नोंदी आणि ११० लिटर दूध व्हायला हवं. काउंटइफ्स लावून ‘ई१ किंवा त्यानंतर’ आणि ‘एफ१ किंवा त्याआधी’ अशा दोन अटी घातल्या, तर उत्तर येतं १८. समइफ्सने लिटर मोजले तर ९९. फॉर्म्युला पुन्हा पुन्हा वाचला तरी त्यात खोट सापडत नाही.

खोट २० तारखेत आहे. नोंद करणारं यंत्र तारखेसोबत वेळही लिहितं. सेलमध्ये ती झाकलेली असते, कारण कॉलमला फक्त तारीख दाखवायला सांगितलेलं असतं. २० ऑगस्ट २०२५ चा आकडा ४५८८९. पण एफ१ मधला हा ४५८८९ म्हणजे २० तारीख लागतानाची मध्यरात्र. त्या दिवशी संध्याकाळी सहाला घातलेल्या दुधाचा आकडा ४५८८९.७५ आणि सकाळच्या दुधाचा सुद्धा ४५८८९ हून मोठाच. दोन्ही नोंदी हद्दीबाहेर. पुढच्या पगाराची हद्द २१ तारखेपासून, त्यामुळे त्या तिथेही धरल्या जात नाहीत. एका दिवसाचं दूध कुठल्याच बिलात नाही. दर पगाराचा शेवटचा दिवस असा गळत गेला, तर वर्षाला छत्तीस दिवसांच्या दुधावर पाणी.

यावरचा उपाय फॉर्म्युल्यात एकाची भर घालण्याइतका लहान आहे. ‘२० तारखेपर्यंत’ असं म्हणण्याऐवजी ‘२१ तारखेच्या आधी’ असं म्हणायचं, म्हणजे दुसरी अट ‘"<"&एफ१+१’ अशी लिहायची. वेळ असो वा नसो, २० तारखेचं शेवटचं मिनिटही आत येतं. दुसरा मार्ग म्हणजे शेजारच्या कॉलममध्ये इंट वापरून दशांश भाग छाटायचा आणि त्या कॉलमवर तपासणी करायची. पहिला मार्ग जास्त चांगला, कारण त्यात जादा कॉलम लागत नाही.

तिसऱ्या पगाराची हद्द तर आणखी खट्याळ. २१ पासूनचे दिवस महिन्याप्रमाणे बदलतात: जानेवारीत अकरा, जूनमध्ये दहा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. ज्यांनी शेवटची तारीख म्हणून कायमची ३० लिहून ठेवली, त्यांच्या शीटमध्ये वर्षातले सात एकतीस बुडतात. फेब्रुवारीत उलटंच होतं. डेट फंक्शनला २०२५, २, ३० हे तीन आकडे दिले तर ते तक्रार करत नाही, मुकाट्याने २ मार्च २०२५ देतं. मग १ आणि २ मार्चचं दूध फेब्रुवारीच्या बिलातही येतं आणि मार्चच्या पहिल्या पगारातही. महिन्याची अखेर काढायला इओमंथ हे फंक्शन आहे. तारीख आणि ० एवढं दिलं की त्या महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो, लीप वर्ष धरून. अखेर हाताने लिहूच नये.

दुसरा आजार याहून मोठा, कारण तो दिसत नाही आणि नियमित फाइलींतून येतो. भारतात आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. नव्या संगणकाची प्रादेशिक सेटिंग बऱ्याचदा अमेरिकेची असते आणि ती बदलायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा संगणकावर यंत्रातून निघालेली ऑगस्ट २०२५ ची फाइल दोनदा क्लिक करून उघडली की काय होतं? ०१/०८/२०२५ ही तारीख ८ जानेवारी होते, ०२/०८/२०२५ ही ८ फेब्रुवारी, असं करत करत १०/०८/२०२५ ही ८ ऑक्टोबर. पहिल्या पगाराच्या दहा दिवसांपैकी फक्त ८ ऑगस्ट जागेवर राहते, कारण ०८/०८ उलटं वाचलं तरी तेच. दुसऱ्या पगारात ११ आणि १२ तारीख अनुक्रमे ८ नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर होऊन बसतात. तेरापासून पुढे मात्र एक्सेल अडतं. तेरावा महिना नसतो, म्हणून ते १३/०८/२०२५ ला तारीख मानतच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवून देतं. परिणामी एकाच कॉलममध्ये तीन जातींचा माल: एखादी बरोबर तारीख, बऱ्याच चुकीच्या तारखा आणि तारखेसारखा दिसणारा मजकूर. दरम्यानची तपासणी अशा कॉलमवर कशीही लिहिली तरी उत्तर धड येणार नाही.

मजकूर झालेल्या तारखेची एक खोड ओळखून ठेवण्याजोगी आहे. एक्सेलमध्ये तुलनेचा क्रम ठरलेला: कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. त्यामुळे इफ वापरून ‘ही तारीख ११ ऑगस्टनंतरची आहे का’ असं विचारलं तर मजकुरी तारीख नेहमी ‘हो’ म्हणते, मग ती १९९५ ची का असेना. ‘२० ऑगस्टच्या आधीची आहे का’ असं विचारलं तर नेहमी ‘नाही’. काउंटइफ्स आणि समइफ्स मात्र ‘पेक्षा मोठा, पेक्षा लहान’ अशा अटींत मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाहीत, सरळ वगळतात. म्हणून एकाच कॉलमवर इफने मोजलेलं एक आणि काउंटइफ्सने मोजलेलं दुसरंच, असा प्रकार दिसला की फॉर्म्युला बाजूला ठेवून आधी तारखा तपासाव्यात.

तपासायचं कसं? कॉलमची डावी-उजवी ओढ काढून टाकली की आकडा सेलच्या उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. पक्कं करायचं तर शेजारी इझनंबर लावायचं. जिथे ‘फॉल्स’ येईल तिथे तारीख नाही, मजकूर आहे. इथे पुष्कळ जण सेलचं फॉरमॅट बदलून ‘डेट’ करतात आणि काम झालं असं समजतात. त्याने काही होत नाही. फॉरमॅट हा आकड्याला चढवायचा पोशाख. आत आकडाच नसेल तर तो चढणार कशाला? उलट्या दिशेने मात्र हीच युक्ती उपयोगी पडते: फॉरमॅट ‘जनरल’ केलं आणि तारखेच्या जागी ४५ हजाराच्या आसपासचा आकडा दिसला तर ती खरी तारीख, जशीच्या तशी राहिली तर मजकूर.

सगळा कॉलमच मजकूर असेल, उदाहरणार्थ कोणी २०.०८.२०२५ असं टिंबं देऊन लिहिलं असेल, तर डेटा टॅबमधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ हे साधन उत्तम. शेवटच्या पायरीवर ‘डेट’ निवडून ‘डीएमवाय’ म्हणजे दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगितला की मजकुराच्या तारखा होतात. वेबपेजवरून उचललेल्या तारखांच्या मागेपुढे कधी न दिसणारी जागा असते. ती साध्या स्पेससारखी दिसते, पण वेगळं अक्षर असतं, ट्रिमने निघत नाही. सबस्टिट्यूट वापरून १६० क्रमांकाचं अक्षर काढावं लागतं. आणि दिवस-महिना उलटलेला असेल तर शीटमध्ये डागडुजी करत बसू नये. कुठली ८ नोव्हेंबर खरी आणि कुठली मुळात ११ ऑगस्ट, हे शीटला माहीत नसतं. संगणकाची सेटिंग ‘इंग्लिश (इंडिया)’ करून मूळ फाइल पुन्हा उघडणं हाच सरळ उपाय. गूगल शीट्समध्ये हीच सेटिंग प्रत्येक फाइलच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘लोकॅल’ या नावाने असते, त्यामुळे एकाची शीट दुसऱ्याने नक्कल करून घेतली की अमेरिकेची सेटिंगही सोबत येते.

तारखा समजून घेण्याचा स्प्रेडशीटचा हा उत्साह शास्त्रज्ञांनाही भोवला आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. एक्सेल ती परस्पर १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकायचं आणि संशोधनपत्रिकांत छापलेल्या तक्त्यांतही तशाच तारखा उतरायच्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकले आणि त्या जनुकांची नावंच बदलली.

तारखा ठीक आहेत, तरी उत्तर चुकतं, तेव्हा फॉर्म्युल्याकडे वळायचं. इथल्या चुका मोजक्या आणि ओळखीच्या आहेत. सर्वांत फसवी चूक शाळेच्या गणितातून येते. वहीत आपण ‘ई१ ≤ ए२ ≤ एफ१’ असं एका दमात लिहितो. एक्सेलमध्ये तसंच लिहिलं तर ते चूक दाखवत नाही. आधी डावा अर्धा भाग सोडवतं, उत्तर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ येतं आणि मग त्या ‘ट्रू’ची तुलना एफ१ मधल्या आकड्याशी करतं. ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे एक्सेलच्या क्रमात आकड्यांहूनही मोठे आणि मजकुराहूनही मोठे. म्हणून उत्तर कायम ‘नाही’. दोन तुलना सुट्या लिहून अँडमध्ये गुंफायच्या: ‘=इफ(अँड(ए२>=$ई$१, ए२<$एफ$१+१), "हो", "नाही")’. अँडच्या जागी ऑर पडलं तर उलट, प्रत्येक तारीख ‘हो’, कारण जगातली कुठलीही तारीख एक तर ११ ऑगस्टनंतरची असते किंवा २० ऑगस्टच्या आधीची.

डॉलरची खूण विसरली तर लक्षण ठरलेलं: पहिल्या ओळीचं उत्तर बरोबर, खालच्या सगळ्या चूक. फॉर्म्युला खाली ओढताना ई१ चं ई२, ई३ होत जातं आणि तुलना रिकाम्या सेलशी होऊ लागते. अवतरणचिन्हांचा घोळही असाच. काउंटइफ्समध्ये ‘">=ई१"’ असं सगळं चिन्हांच्या आत गेलं तर एक्सेल ई१ सेलमधली तारीख बघत नाही, ‘ई१’ या दोन अक्षरांशी तुलना करतं. चिन्ह आत आणि सेल बाहेर, मधे ‘&’, असं लिहावं लागतं. आणि फॉर्म्युल्यात तारीख हाताने लिहायची हौस असेल तर ती डेट फंक्शनमध्येच लिहावी. नुसतं २०२४-११-११ लिहिलं तर ती वजाबाकी होते, उत्तर २००२, आणि २००२ म्हणजे २४ जून १९०५. ११/११/२०२४ लिहिलं तर तो भागाकार, उत्तर शून्याच्या जवळपास.

रिकाम्या सेलची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण कर्जाच्या आणि थकबाकीच्या याद्यांत ती हमखास गोंधळ घालते. तुलना करताना रिकामा सेल शून्य धरला जातो आणि शून्य सगळ्या तारखांच्या आधीचं. म्हणून ‘३१ मार्चपर्यंत भरणा केलेले’ अशी इफची यादी काढली की ज्यांची भरण्याची तारीखच लिहिलेली नाही, तेही भरणा केलेल्यांत दिसतात. अँडमध्ये ‘सेल रिकामा नाही’ ही तिसरी अट घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

राज्याच्या कर्जमुक्तीत अशा अटी एकावर एक कशा बसतात ते पाहण्यासारखं आहे. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेलं अल्पमुदत पीककर्ज, ते ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत, आणि रक्कम दोन लाखांपर्यंत. म्हणजे उचलीच्या तारखेला दोन हद्दी, थकबाकीला तिसरी तारीख आणि वर रकमेची अट. अशी यादी शीटवर लावताना सगळं एका लांबलचक फॉर्म्युल्यात कोंबण्याची चढाओढ दिसते. त्यात काही शहाणपण नाही. प्रत्येक अटीला स्वतंत्र कॉलम दिला तर कोणाचं नाव कुठल्या अटीवर गळलं हे एका नजरेत कळतं आणि समोर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला सांगताही येतं. ३१ मार्च २०१९ ला दुपारी उचललेलं कर्ज वेळेच्या दशांशापायी बाहेर राहिलं, तर अशा कॉलमांत ते लगेच उघडं पडतं.

दुधाच्या हिशोबात वेळ ही अडचण होती. पीक विम्यात तीच वेळ गरजेची ठरते. बीडचं नाव पीक विम्यात ‘बीड पॅटर्न’ म्हणून देशभर गाजलं. विमा कंपनीच्या नफ्याला आणि तोट्याला दोन्हीकडून मर्यादा घालणारी ही पद्धत २०२० च्या खरिपापासून जिल्ह्यात राबवली गेली. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवण्याची अट घातलेली होती. १४ सप्टेंबरला संध्याकाळी पाच वाजता शेतात पाणी शिरलं असं धरू. १७ तारखेला सकाळी नऊला कळवलं तर ६४ तास झाले, रात्री आठला कळवलं तर ७५. नुसत्या तारखांची वजाबाकी दोन्ही वेळी ३ येते. एक अर्ज मुदतीत, दुसरा मुदतीबाहेर, आणि शीटला फरक कळत नाही. इथे तारीख आणि वेळ दोन्ही एका सेलमध्ये लिहून वजाबाकीला २४ ने गुणावं लागतं. हद्द दिवसांची आहे की तासांची, हे फॉर्म्युला लिहिण्याआधी ठरवायला हवं.

एक तारीख दोन तारखांमध्ये आहे का, याच्या पुढची पायरी म्हणजे एक काळ दुसऱ्या काळाला शिवतो का. २०१८-१९ च्या दुष्काळात आष्टी तालुक्यात जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या. छावणीचा हिशोब जनावरागणिक आणि दिवसागणिक. एखादं जनावर २५ एप्रिलला दाखल झालं, १२ मे रोजी घरी गेलं. मे महिन्याच्या बिलात त्याचे किती दिवस? फक्त दाखल तारीख मे महिन्यात आहे का, असं तपासलं तर ते जनावर यादीतूनच जातं. बरोबर कसोटी आडवी लागते: दाखल तारीख ३१ मेच्या आत आणि परतीची तारीख १ मे किंवा त्यानंतर. दिवस मोजायचे तर दोन अखेरींपैकी आधीची घ्यायची, दोन सुरुवातींपैकी नंतरची घ्यायची, वजाबाकी करायची आणि त्यात एक मिळवायचा. १२ मे उणे १ मे अधिक १, म्हणजे १२ दिवस. हा ‘अधिक १’ विसरण्याची चूक फार जुनी. ११ ते २० हे दहा दिवस असतात, वजाबाकी नऊ सांगते. आणि जे जनावर अजून छावणीतच आहे त्याची परतीची तारीख रिकामी, रिकामी म्हणजे शून्य, शून्य १ मेच्या आधीचं, म्हणून नेमकं छावणीत उभं असलेलं जनावर हिशोबातून गायब. रिकाम्या जागी महिनाअखेर धरायला फॉर्म्युल्याला सांगावं लागतं.

आता थोडं वर्षांबद्दल. आळसाने वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय पतसंस्थांना येत्या काही वर्षांत नडणार आहे. बऱ्याच संगणकांवर ०० ते २९ हे आकडे एकविसाव्या शतकातले आणि ३० ते ९९ विसाव्या शतकातले धरले जातात. २०३० च्या मार्चअखेर मुदत संपणाऱ्या ठेवीची तारीख ३१/३/३० अशी लिहिली तर ती १९३० ची होते आणि ‘मुदत संपलेल्या ठेवी’च्या यादीत नव्वद वर्षांहून जुनी म्हणून जाऊन बसते. चारही आकडे लिहावेत. इकडे १९०० च्या आधीची तारीख एक्सेलला कळतच नाही. महात्मा फुले यांच्या निधनाची तारीख, २८ नोव्हेंबर १८९०, लिहिली तर ती मजकूर म्हणून राहते. मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातले जुने दस्त पुन्हा हातात घेतले गेले. असल्या जुन्या कागदांची सूची एक्सेलमध्ये करणाऱ्याने दिवस, महिना आणि वर्ष हे तीन वेगळे कॉलम ठेवावेत, नाहीतर लिब्रेऑफिस कॅल्क वापरावं. त्याला एकोणिसावं शतक चालतं.

१९०० सालाबद्दल एक गंमत. एक्सेलच्या मते त्या वर्षी २९ फेब्रुवारी होती आणि तिचा आकडा ६०. प्रत्यक्षात १९०० हे लीप वर्ष नव्हतं, शंभराने भाग जाणाऱ्या वर्षाला चारशेनेही भाग जावा लागतो. ही चूक मुळात १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रामची. त्याच्या फाइली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती जाणूनबुजून उचलली आणि आजवर सांभाळली. मॅकिन्टॉशवरच्या जुन्या एक्सेलने मात्र मोजणी १९०४ पासून केली. अशा फाइलीतून तारखा उचलून नेहमीच्या फाइलीत चिकटवल्या की त्या १४६२ दिवसांनी मागे जातात, चार वर्षं आणि एक दिवस. सगळ्याच तारखा सारख्याच अंतराने चुकल्या असतील तर हे कारण आठवावं.

इतकं करूनही उत्तर जुळत नसेल तर फॉर्म्युल्याच्या आत डोकावायची सोय आहे. फॉर्म्युला बारमध्ये एखादी तुलना, समजा ‘ए२>=$ई$१’ एवढाच भाग, माउसने निवडून एफ९ ही कळ दाबली की त्या भागाचं उत्तर तिथेच दिसतं. दुसरा भाग निवडून पुन्हा एफ९. कुठली अट अडवते आहे ते तत्काळ कळतं. बाहेर पडताना एंटर न दाबता एस्केप दाबायचं, नाहीतर सूत्राच्या जागी उत्तरच कायमचं लिहिलं जातं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी फॉर्म्युलाज टॅबमध्ये ‘इव्हॅल्युएट फॉर्म्युला’ आहे, तो एकेक पायरी सोडवून दाखवतो.

नवी शीट बिलासाठी वापरायला घेण्याआधी पाच खोट्या नोंदी करून पाहाव्यात: हद्दीच्या आदल्या दिवसाची, पहिल्या दिवसाची, शेवटच्या दिवशी संध्याकाळची वेळ घालून एक, हद्द संपल्यानंतरच्या दिवसाची आणि एक रिकामी तारीख. उत्तरं नाही, हो, हो, नाही, नाही अशी आली तरच ती शीट पगाराला लावावी.